उन्हाळ्यात परसदार थंड कसे ठेवावे? टिनाच्या घरांसाठी काही साधे उपाय

विदर्भात उन्हाळा मार्चच्या शेवटी सुरू होतो आणि मृगाचा पाऊस येईपर्यंत हटत नाही. नागपूर, चंद्रपूर, वर्धा, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणे ही दरवर्षीची गोष्ट आहे. २५ मेच्या सुमारास नवतपा लागला की दुपारी रस्ते ओस पडतात. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात तापमान ४५ अंशांवर गेले की उष्णतेची लाट आणि ४७ अंशांवर गेले की तीव्र लाट मानतात. पण हा आकडा सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. आपल्या वस्तीतल्या टिनाखाली किती तापते, ते बातमीत येत नाही.

आपल्या बहुतेक वस्त्यांत घर म्हणजे एक-दोन खोल्या, वर टिन आणि मागे थोडी मोकळी जागा. कोणी तिला परस म्हणते, कोणी मागचे अंगण. न्हाणी तिथेच, भांड्यांची मोरी तिथेच, पाण्याचा ड्रम तिथेच आणि अनेक घरांत उन्हाळ्यातली चूलही तिथेच. दुपारी घरातला पुरुष कामावर नसेल तर चौकातल्या झाडाखाली किंवा पानठेल्याच्या सावलीत जाऊन बसतो. बाईला तसे बसता येत नाही. म्हातारी सासू, बाळंतीण सून, शाळेला सुट्टी लागलेली मुले यांची दुपार घरात आणि परसातच जाते. वस्तीत काम करताना मी हेच पाहते. म्हणून परसदार थंड ठेवणे हा मला केवळ बागकामाचा विषय वाटत नाही. घरातल्या सर्वांत अशक्त माणसांच्या जिवाशी तो जोडलेला आहे.

एसी घेणे बहुतेकांना परवडत नाही. कूलर असला तरी वीज जाते आणि टाकीत ओतायला पाणी लागते. सुदैवाने परस थंड ठेवायला लागणाऱ्या बऱ्याच वस्तू आपल्याकडे आधीच आहेत. फक्त त्या कुठे आणि कधी वापरायच्या, हे समजून घ्यावे लागते.

उष्णता येते कुठून?

परसात बसलेल्या माणसाला तीन बाजूंनी उष्णता लागते. पहिली थेट सूर्याची. दुसरी तापलेल्या वस्तूंची, म्हणजे टिन, भिंत, सिमेंटची जमीन, पाण्याची प्लास्टिकची टाकी यांची. तिसरी गरम हवेची, म्हणजे झळांची. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून त्यांची गल्लत करू नये.

सूर्याचा हिशेब आधी पाहू. निरभ्र दुपारी एक चौरस मीटर जमिनीवर साधारण एक हजार वॉट इतकी उष्णता पडते. दहा बाय दहा फुटांचे परस म्हणजे सुमारे नऊ चौरस मीटर. म्हणजे तेवढ्या जागेत एक हजार वॉटच्या नऊ विजेच्या शेगड्या एकाच वेळी पेटवल्यासारखे झाले. त्या चालू ठेवून खाली कितीही पाणी शिंपडले, तरी उपयोग थोडाच. त्यामुळे पहिले काम सावलीचे आणि दुसरे पाण्याचे. बऱ्याच घरांत हा क्रम उलटा असतो. भर उन्हात तापलेल्या सिमेंटवर बादल्या ओतल्या जातात, दहा मिनिटांत जमीन कोरडी होते आणि पाणी वाया जाते.

सावली नेमकी कुठे हवी?

मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्यावर असतो. महाराष्ट्रात दक्षिणेकडून उत्तरेकडे मेच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत वेगवेगळ्या तारखांना शून्य सावलीचा दिवस येतो. नागपूरला तो २६ मेच्या आसपास असतो, म्हणजे नवतप्याच्या सुरुवातीलाच. त्या दिवसांत दुपारी बाराच्या सुमारास भिंतीची सावली जवळजवळ पडतच नाही. कंपाउंडची भिंत कितीही उंच असली तरी त्या वेळी ती उपयोगाची नाही. दुपारसाठी डोक्यावर आच्छादन हवे.

दोन वाजल्यानंतर चित्र बदलते. सूर्य पश्चिमेला कलतो आणि या दिवसांत तो थेट पश्चिमेला न मावळता थोडा वायव्येकडे मावळतो. तीन ते सहा या वेळेत तिरपे ऊन मांडवाखालून आत शिरते आणि पश्चिमेची भिंत तापवते. हीच भिंत रात्री दहा-अकरापर्यंत घरात उष्णता सोडत राहते. म्हणून वर मांडव आणि पश्चिम-वायव्य बाजूला उभा आडोसा, अशी जोडी हवी. उत्तर आणि पूर्व बाजू मोकळ्या ठेवल्या तरी चालते. तेवढी हवा खेळायला हवीच.

मांडव कशाचा करावा?

अनेक जण परसावरही टिन टाकतात. पावसाळ्यात ते बरे पडते, पण उन्हाळ्यात तेच अंगावर येते. भर दुपारी टिन ६० अंशांच्या पुढे तापते आणि तव्यासारखी खाली धग सोडते. टिनाखाली सावली असूनही डोके तापते ते यामुळे.

आपल्या जुन्या माणसांचा मांडव याहून शहाणपणाचा होता. बल्ल्या रोवून वर बांबू आडवे टाकायचे आणि त्यावर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा पळसाच्या फांद्या पसरायच्या. काड्यांच्या थरांमध्ये हवा अडकते. वरचा थर तापला तरी खालचा फारसा तापत नाही आणि फटींतून गरम हवा वर निघून जाते. शेत असलेल्या नातेवाइकाकडून तुराट्या मिळत असतील तर हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दोन काळज्या मात्र घ्याव्यात. मांडव चुलीच्या वर किंवा अगदी जवळ असू नये, कारण वाळलेल्या काड्या क्षणात पेट घेतात. आणि उरलेल्या काड्यांचा ढीग भिंतीला लागून ठेवू नये, कारण थंड अंधाऱ्या जागेत विंचू आणि साप आसरा घेतात.

काड्या मिळत नसतील तर शेडनेट वापरावे. ते किती ऊन अडवते त्याप्रमाणे ५०, ७५, ९० टक्के असे मिळते. बसण्या-झोपण्याच्या जागेवर ७५ टक्क्यांचे पुरेसे आहे. नेट नसेल तर जुन्या सुती साड्या किंवा चादरी दुहेरी करून बांधल्या तरी चालतात. आधीच टिन असेल तर ते काढायची गरज नाही. टिनाच्या वर एखादा फूट अंतर सोडून नेट किंवा तट्टे बांधावे. मधली जागा मोकळी राहिली की तिथून हवा वाहते आणि टिनापर्यंत ऊन पोहोचत नाही. नेट थेट टिनाला चिकटवले तर हा फायदा बराच कमी होतो.

आच्छादन दोरीने असे बांधावे की ते गुंडाळता येईल. यामागे दोन कारणे आहेत. एक म्हणजे मे महिन्यात अवकाळी वादळ येते आणि ताणून बांधलेले नेट बल्लीसकट उडते. दुसरे कारण रात्रीचे. आपल्याकडची हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ असते, त्यामुळे सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता आकाशाकडे झपाट्याने सोडते. वर आच्छादन असेल तर ही उष्णता अडते. म्हणून सकाळी आठला मांडव झाकावा आणि दिवेलागणीला उघडावा.

गट्टू बसवण्याआधी थांबा

गेल्या काही वर्षांत परसात कोबा करणे किंवा गट्टू बसवणे हे प्रगतीचे लक्षण झाले आहे. चिखल होत नाही, झाडायला सोपे पडते, घर नीटनेटके दिसते. वर्षानुवर्षे चिखलात राहिलेल्या माणसांना सिमेंट हवेसे वाटते, यात चूक काहीच नाही. पण सिमेंट दिवसभर उष्णता खोलवर साठवते आणि रात्री उशिरापर्यंत ती परत देत राहते. कोरडी मातीही दुपारी वरून खूप तापते, मात्र तिची उष्णता खोल जात नाही. सूर्य मावळल्यावर ती लवकर निवते. शिवाय माती पाणी धरून ठेवते आणि ते हळूहळू सोडते.

म्हणून संपूर्ण परस सिमेंटचे करू नये. न्हाणी, मोरी आणि जाण्या-येण्याची वाट पक्की करावी. बाकीची जागा मातीची ठेवून सारवावी किंवा तिच्यात झाडे लावावीत. घरकुल बांधताना तर हा विचार आधीच करायला हवा. रमाई आवास योजनेतले घर साधारण २६९ चौरस फुटांचे. जागा लहान असली की बांधकाम हद्दीपर्यंत नेण्याचा मोह होतो. पण मागे सहा-सात फुटांची मातीची पट्टी सोडली तर पुढची तीस वर्षे ती घराला थंडावा देईल.

पाणी: कमी, पण योग्य वेळी

पाण्याची वाफ होताना ते आसपासची उष्णता शोषून घेते. माठातले पाणी थंड होते ते याच कारणाने. एक लीटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. म्हणजे एका बादलीतले वीस लीटर पाणी पूर्ण वाळेपर्यंत जवळजवळ १३ युनिट विजेइतकी उष्णता ओढून घेते. दीड टनाचा एसी सुमारे अडीच तासांत खोलीतून जेवढी उष्णता बाहेर फेकतो, तेवढी ही झाली. यातली काही हवेतून जाते आणि काही जमिनीतून.

सडा टाकायचा तो संध्याकाळी, परसातले ऊन गेल्यावर. त्या वेळी नवी उष्णता वरून येत नसते, त्यामुळे पाणी जमिनीत साठलेली उष्णता बाहेर काढते आणि रात्री तिथे खाट टाकता येते. एकदम बादली ओतण्यापेक्षा हाताने शिंपडावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा शिंपडावे.

दुपारच्या झळांसाठी वेगळा उपाय आहे. पश्चिमेच्या आडोशाला ज्यूटच्या पोत्यांचे तरट किंवा वाळ्याचे तट्टे टांगावे आणि ते ओले ठेवावे. त्यातून आत येणारी गरम हवा ओल्या धाग्यांमधून जाताना थंड होते. कूलर याच तत्त्वावर चालतो, इथे फक्त मोटर नाही. दुपारभरात एखादी बादली पाणी पुरते. समोरची बाजू मोकळी असावी, नाहीतर दमट हवा आत कोंडते. घरात कूलर असेल तर त्याच्यावरही ऊन पडू देऊ नये. सावलीत ठेवलेला कूलर जास्त थंड हवा देतो. प्लास्टिकच्या नेटचे पोते यासाठी उपयोगाचे नाही, कारण ते पाणी धरत नाही.

एक गोष्ट मुंबई, ठाणे, कोकणातल्या वाचकांसाठी. तिथली हवा आधीच दमट असते, त्यामुळे पाणी सहज वाळत नाही आणि ओले तरट टांगल्याने उलट घुसमट वाढते. तिथे सावली आणि वारा या दोनच गोष्टींवर भर द्यावा. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या कोरड्या उन्हाळ्यातच पाण्याचा हा उपाय चांगला चालतो. आणि कूलरची टाकी, पाण्याचा ड्रम आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून घासावा. नाहीतर त्यातच डेंग्यूचे डास तयार होतात.

ज्या वस्तीत टँकर येतो तिथे बादलीभर पाणी शिंपडा असे सांगणे क्रूर वाटेल. तिथे आंघोळीचे आणि भांडी-कपडे खंगाळल्याचे पाणीच वापरावे. सोड्याचे आणि कडक पावडरचे पहिले पाणी मात्र झाडांना घालू नये.

झाडे आणि वेल

झाडाची सावली टिनापेक्षा थंड असते, कारण पाने स्वतः पाणी बाहेर टाकतात आणि त्यामुळे ती टिनासारखी तापत नाहीत. पण झाडाला वर्षे लागतात. म्हणून तीन टप्प्यांत विचार करावा.

याच उन्हाळ्यासाठी वेल. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोडका, घोसाळी, कारली यांच्या बिया न्हाणीच्या पाण्याजवळ लावल्या आणि वेल मांडवावर चढवला, तर एप्रिलपर्यंत चांगली सावली होते आणि भाजीही मिळते. तोंडलीचा वेल एकदा लावला की वर्षानुवर्षे टिकतो. गुळवेलाला तर फार कमी पाणी लागते.

पुढच्या उन्हाळ्यासाठी शेवगा. तो वर्षभरात डोक्याच्या वर जातो. त्याची फांदी ठिसूळ असते, म्हणून तो टिनावर झुकू देऊ नये आणि वेळोवेळी छाटावा. सांडपाण्याच्या जागी केळी, कर्दळ, अळू लावले तर डबके साचत नाही.

पुढच्या पिढीसाठी कडुनिंब, करंज किंवा आंबा. जागा असेल तर पश्चिमेच्या बाजूला, भिंतीपासून अंतर ठेवून. बोधिवृक्ष म्हणून अनेक जण घराशेजारी पिंपळ लावतात. भावना समजू शकते, पण पिंपळ आणि वड यांची मुळे पाया आणि भिंती फोडतात. त्यांची जागा विहाराच्या मोकळ्या पटांगणात, स्मशानभूमीच्या वाटेवर, तलावाकाठी. परसात नाही.

चुन्याचा हात

परसातल्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून आणि घराच्या टिनाला वरून पांढरा चुना मारावा. पांढरा रंग बरेचसे ऊन परत फेकतो. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा डिंक किंवा फेविकॉल मिसळून दोन हात द्यावेत. पाऊस पडला की तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी मार्चमध्ये हे काम करावे. कळीचा चुना भिजवताना उकळतो आणि उडतो. मुलांना दूर ठेवावे आणि डोळे सांभाळावेत. टिनावर चढायचे ते सकाळी, आणि पाय फक्त खाली आधार असलेल्या जागी ठेवावा.

ज्यांना परसच नाही

नागपूर-मुंबईच्या दाट वस्त्यांत अनेक घरांना मागे जागाच नसते. त्यांचे काय? इथे विहाराचा विचार करावा लागतो. बहुतेक वस्त्यांत विहार आहे, त्याला पटांगण आहे आणि ते दुपारी कुलूपबंद असते. दुपारी बारा ते चार विहार उघडे ठेवून पटांगणात मांडव, दोन रांजण आणि चटया ठेवल्या तर वस्तीचे ते सामायिक परस होईल. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेला माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावले, आंबराया केल्या, विहिरी खोदल्या आणि पाणपोया घातल्या, असे त्याच्या सातव्या स्तंभलेखात कोरलेले आहे. सावली देणे हे राज्याचे काम आहे, असे तो बावीसशे वर्षांपूर्वी मानत होता. आपल्या हातात निदान विहाराची किल्ली आहे.

यामागे समाजशास्त्राचाही आधार आहे. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांत मृत्यूचे प्रमाण मात्र फार वेगळे होते. जिथे रस्त्यावर वर्दळ होती, दुकाने होती, म्हातारी माणसे घराबाहेर पडत होती, तिथे कमी मृत्यू झाले. जिथे माणसे एकेकटी दारे लावून बसली होती, तिथे जास्त. आपल्या वस्तीत मुले पुण्या-मुंबईला गेलेली आणि म्हातारा-म्हातारी एकटीच टिनाखाली राहणारी घरे वाढत आहेत. महिला मंडळाने अशा घरांची यादी करावी आणि लाटेच्या दिवसांत दुपारी एकदा तरी दार वाजवावे.

कार्यक्रमांच्या वेळाही यात येतात. भीमजयंती एप्रिलमध्ये आणि बुद्धपौर्णिमा बहुधा मे महिन्यात येते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात भर उन्हातल्या सोहळ्यानंतर दहाहून अधिक लोकांचे जीव गेले, हे आपण विसरू नये. सभा सकाळी नऊच्या आत किंवा सूर्यास्तानंतर घ्यावी. उपासक-उपासिकांना उन्हात बसवून वक्त्यांनी मांडवाखाली बोलू नये.

धोका कसा ओळखावा?

इतके करूनही कोणाला ऊन लागू शकते. अंग भट्टीसारखे तापणे, असंबद्ध बोलणे, तोल जाणे, झटके किंवा बेशुद्धी ही उष्माघाताची लक्षणे आहेत. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. १०८ वर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नये. माणसाला सावलीत आणून, जास्तीचे कपडे काढून अंगावर पाणी घालावे, वारा घालावा, मान, काख आणि जांघेत ओले फडके ठेवावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. एरवी हवा ४० अंशांवर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर आणतो. अंगावर ओला दुपट्टा घेऊन पंख्याखाली बसावे.

मागणी कशाची करावी?

अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासासाठी योजना आहे. तिच्या निधीतून आपण वर्षानुवर्षे सिमेंटचे रस्ते, नाल्या आणि गट्टू मागत आलो. ते आवश्यकही होते. आता त्या यादीत सावलीही लिहायला हवी. विहाराच्या पटांगणात पक्का मांडव, वस्तीच्या रस्त्याला झाडे आणि त्यांना तीन वर्षे पाणी, उन्हाळ्यापुरता नळाला जादा वेळ. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय मांडला तर उन्हाळ्याआधी काही हाती लागण्याची शक्यता आहे. मे महिन्यात मागून काही मिळत नाही.

तोपर्यंत आपल्या हातातले काम असे: फेब्रुवारीत वेल, मार्चमध्ये चुना, एप्रिलच्या आधी मांडव आणि पश्चिमेचा आडोसा, मे महिन्यात संध्याकाळचा सडा, आणि पहिल्या पावसानंतर एक झाड. सगळे जमले नाही तरी पश्चिमेला एक तरट नक्की टांगा, आणि शेजारच्या आजीला दुपारी त्या सावलीत बोलवा.